सेप्टिक शॉकमधली बीपीची औषधं: नॉरॲड, व्हॅसो, ॲड्रेनॅलिन आणि बाकीची, कोण किती भरवशाचं

सेप्टिक शॉक, म्हणजे इन्फेक्शनमुळे बीपी कोसळणं, त्यातल्या पेशंटचं बीपी टिकवायला आपण जी औषधं पंपावर लावतो त्यांचा रिव्ह्यू करायचा म्हटलं तर आधी हे ठरवायला लागतं की मार्क कशाला द्यायचे. मॉनिटरवरचा आकडा किती झटकन वर गेला याला द्यायचे असतील तर विषयच संपला, सगळीच पास आहेत, डोपामिननेही बीपी वाढतं आणि फेनिलेफ्रिननेही वाढतं. माझं म्हणणं असं की तो आकडा मिळवताना हार्टला, बोटांना, आतड्याला आणि किडनीला काय मोजावं लागलं ते बघून मार्क द्यायचे. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने. आयसीयूत नुकतेच लागलेले रेसिडेंट, सिस्टर, ब्रदर, आणि ज्यांचं माणूस आत ॲडमिट आहे आणि "सपोर्ट चालू आहे" म्हणजे नक्की काय चालू आहे हे ज्यांना समजून घ्यायचंय, अशा सगळ्यांसाठी लिहिलंय. डोस मात्र बेडपाशी उभ्या असलेल्या टीमनेच ठरवायचा, हे वाचून कोणी ठरवू नये.

आधी थोडक्यात, या औषधांना काय काम करायचं असतं ते. इन्फेक्शनने शरीरात जी आग भडकते तिच्यात नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात, वाहिन्यांच्या भिंतीतून पाणी बाहेर झिरपतं, ॲसिडोसिस (रक्तातलं आम्ल) वाढला की वाहिन्यांचे स्नायू औषधांना नीट दाद देत नाहीत, शरीराचा स्वतःचा व्हॅसोप्रेसिन या हार्मोनचा साठा सुरुवातीला भसाभसा वापरला जातो आणि मग कमी पडतो, आणि कधीकधी हार्टचं पंपिंगही मंदावतं. म्हणजे एकाच पेशंटमध्ये तीन-चार गोष्टी एकदम बिघडलेल्या असतात आणि म्हणूनच एकच औषध सगळ्यांना पुरत नाही. २०१६ च्या व्याख्येप्रमाणे फ्लुइड पुरेसं देऊनही मीन प्रेशर (सरासरी बीपी) ६५ ठेवायला बीपीचं औषध लागतंय आणि लॅक्टेट (शॉकमध्ये रक्तात वाढणारं एक रसायन) २ च्या वर आहे, तर तो सेप्टिक शॉक. आणि हे पण आधीच सांगून टाकते, यातलं एकही औषध इन्फेक्शन बरं करत नाही, ते काम अँटिबायोटिकचं आणि पू कुठे साठला असेल तर तो बाहेर काढण्याचं, ही औषधं फक्त तोपर्यंत वेळ मिळवून देतात, पण तो वेळ मिळाला नाही तर पुढचं काहीच करता येत नाही.

आता नॉरॲड, म्हणजे नॉरॲड्रेनॅलिन. पहिलं औषध कोणतं यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही, हेच. २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येही हेच पहिलं आहे आणि बहुतेक आयसीयूत हात आपोआप त्याच ॲम्प्युलकडे जातो. शरीर स्वतः मज्जातंतूंच्या टोकांतून हेच रसायन सोडतं हे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं आणि १९७० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. काम कसं करतं तर अल्फा रिसेप्टरवर (वाहिन्या आवळणारे) जोरात, बीटा-१ वर (हार्टला जोर देणारे) थोडं, म्हणजे आर्टरी तर आवळतातच पण व्हेनही आवळतात, त्यामुळे व्हेनमध्ये पडून राहिलेलं रक्त हार्टकडे परत येतं, आणि हार्ट रेट मात्र फारसा वाढत नाही. हा मला त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. दुसरं म्हणजे त्याचा असर काही मिनिटांत उतरतो, त्यामुळे वर-खाली करणं सोपं जातं, जास्त झालं तरी कमी केलं की लगेच उतरतं.

यावर पुरावा बघायचा तर २०१० ची सोप-२ ट्रायल, १६७९ पेशंट, डोपामिन विरुद्ध नॉरॲड. २८ दिवसांचा मृत्युदर डोपामिनमध्ये ५२.५ टक्के आणि नॉरॲडमध्ये ४८.५, हा फरक स्टॅटिस्टिकली पक्का नव्हता, पण अरिदमिया बघा, डोपामिनमध्ये २४.१ टक्के आणि नॉरॲडमध्ये १२.४. बीपी दोघांनीही वाढवून दिलं, पण एकाने त्याच कामासाठी दुप्पट पेशंटच्या हार्टची लय बिघडवली. मी वर मार्क कशाला द्यायचे म्हणाले ना, ते हेच. आणि २०११ मध्ये अमेरिकेत नॉरॲडचा तुटवडा पडला होता तेव्हाचा डेटा २०१७ मध्ये आला, त्यात दिसलं की तुटवडा झालेल्या हॉस्पिटलांत डॉक्टर सगळ्यात जास्त फेनिलेफ्रिनकडे वळले आणि सेप्टिक शॉकचा मृत्युदर ३५.९ वरून ३९.६ टक्के झाला. तो ऑब्झर्वेशनल (नुसत्या निरीक्षणाचा) डेटा आहे, त्यावरून फेनिलेफ्रिननेच माणसं गेली असं म्हणता येणार नाही, पण नॉरॲड नसलं की आपलं काय अडतं याचा अंदाज येतो.

नॉरॲडबद्दल माझी खरी तक्रार औषधाबद्दल नाहीच, ते उशिरा लावण्याबद्दल आहे. अजूनही बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी की एक बाटली, दुसरी बाटली, तिसरी बाटली, मग बघू, मग सेंट्रल लाइन (मोठ्या व्हेनमध्ये आत जाणारी नळी) टाकू, मग नॉरॲड. तोपर्यंत पेशंटचं डायस्टोलिक (बीपीचा खालचा आकडा) ३५-४० वर लोळत असतं आणि अंगावर सूज चढत असते. डायस्टोलिक इतकं खाली म्हणजे वाहिन्या सैल पडल्यात, तिथे नुसतं पाणी ओतून काय होणार. थायलंडमधल्या सेन्सर ट्रायलमध्ये, २०१९ ची, ३१० पेशंट, नॉरॲड कमी डोसमध्ये लवकर चालू केलं तर सहा तासांत शॉक आटोक्यात आलेले ७६.१ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत ४८.४ टक्के. २०२३ च्या क्लोव्हर्स ट्रायलमध्ये १५६३ पेशंटमध्ये कमी फ्लुइड आणि लवकर प्रेसर (बीपीचं औषध) विरुद्ध जास्त फ्लुइड अशी तुलना झाली आणि ९० दिवसांचा मृत्युदर १४.० विरुद्ध १४.९, म्हणजे सारखाच. याचा अर्थ मी असा घेते की लवकर चालू करण्याने नुकसान होत नाही, तेव्हा घाबरून हात आखडता घेऊ नका, आणि फ्लुइड द्यायचं सोडूनही देऊ नका, दोन्ही बरोबर चालू द्या.

आणि सेंट्रल लाइनसाठी थांबायचं कारण आता उरलेलं नाही. गाइडलाइनच सांगते की लाइनसाठी उशीर होत असेल तर हातातल्या व्हेनमधून चालू करा. पण ते कसंही नाही चालत हां. कोपरापाशी किंवा त्याच्या वरची चांगली मोठी व्हेन, मनगटाची किंवा हाताच्या पाठीवरची नको, कॅन्युला नीट चालतोय हे परत रक्त ओढून बघायचं, बीपीचा कफ दुसऱ्या हाताला, आणि दर तासाला ती जागा बोट लावून बघायची, वरून नुसती नजर टाकून नाही. जागा पांढरी पडली, गार लागली, टणक झाली, पेशंट दुखतंय म्हणाला की इन्फ्युजन तिथलं बंद आणि दुसऱ्या लाइनवर चालू, पण कॅन्युला लगेच उपटायचा नाही आणि फ्लश तर अजिबात करायचा नाही, आधी त्याच कॅन्युलातून जेवढं औषध मागे ओढता येईल तेवढं ओढायचं आणि मग फेंटोलामिन (नॉरॲडचा उतारा) ५ ते १० मिग्रॅ १० मिली सलाइनमध्ये मिसळून त्या भागात बारीक सुईने टोचायचं. फेंटोलामिन कुठे ठेवलंय हे नॉरॲड चालू करतानाच विचारून ठेवा, गरज पडल्यावर शोधायला गेलात तर चामडी वाट बघत नाही.

पंपाबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि पुस्तकात ती दोन ओळींतच असते. समजा नॉरॲडचा पंप तासाला २ मिलीवर चालू केला आणि लाइन आणि एक्स्टेन्शन मिळून आत १ मिली जागा आहे, आणि ती सलाइनने भरलेली आहे, तर औषधाचा पहिला थेंब रक्तात पोचायला अर्धा तास लागतो. अर्धा तास! आणि इकडे आपण मॉनिटरकडे बघत "काहीच रिस्पॉन्स नाही, वाढवा" म्हणत पंप वाढवत जातो आणि मग अचानक बीपी २०० दिसतं. म्हणून एक्स्टेन्शन आधी औषधानेच भरून घ्यायचं, किंवा मागून सलाइनची संथ कॅरियर लाइन चालू ठेवायची. त्याच लुमेनमधून (लाइनमधल्या त्याच मार्गातून) कोणी अँटिबायोटिक सोडलं किंवा फ्लश मारला तर लाइनमधलं सगळं नॉरॲड एकदम आत जातं, म्हणून त्या लुमेनला मोठ्या अक्षरात लेबल लावा आणि दुसऱ्या कशालाही हात लावू देऊ नका.

सिरिंज बदलणं पण तसंच. हाय डोसवरच्या पेशंटची सिरिंज संपायला आली की अनुभवी सिस्टर आधीच दुसरी सिरिंज भरून दुसऱ्या पंपावर लावून ठेवतात, नवा पंप चालू करून बीपी किंचित वर सरकलेलं दिसलं की मगच जुना हळूहळू उतरवतात. "डॉक्टर, नवीन चालू केलंय, जुनं अजून थोडं ठेवते" एवढं एक वाक्य ऐकलं की मला निर्धास्त वाटतं. हे जिथे होत नाही तिथे दर सिरिंजला पेशंटचं बीपी ५० वर जाऊन येतं आणि चार्टवर ते कुठेच दिसत नाही. नॉरॲड चांगलं की वाईट हे ठरवायच्या आधी ते पेशंटपर्यंत अखंड पोचतंय का हे बघायला हवं, आणि हे काम पूर्णपणे नर्सिंग स्टाफच्या हातात आहे, त्याचं श्रेय त्यांना क्वचित मिळतं.

अजून एक, लेबल. नॉरॲडची ताकद कुठे बेसमध्ये लिहिलेली असते आणि कुठे टारट्रेट सॉल्टमध्ये, आणि १ मिग्रॅ बेस म्हणजे साधारण २ मिग्रॅ टारट्रेट. म्हणजे एका आयसीयूतला ०.५ चा डोस (मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, पुढेही नॉरॲडचे आकडे याच मापात) दुसऱ्या आयसीयूत ०.२५ असू शकतो. पेशंट ट्रान्सफर होऊन आला की पहिल्यांदा हे विचारा. नातेवाईक पण विचारतात "सपोर्ट किती आहे", आणि त्यांना "तासाला ८ मिली" असं सांगितलं जातं, त्याला काही अर्थ नाही कारण डायल्युशन प्रत्येक ठिकाणी वेगळं. सांगायचंच तर मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट सांगा आणि कालपेक्षा वाढलाय की कमी झालाय ते सांगा, त्यांना तेवढंच हवं असतं.

डोपामिनवर फार शब्द खर्च करत नाही. एके काळी हेच सगळीकडे चालायचं, आणि कमी डोसमध्ये दिलं की किडनी वाचते असा ठाम समज होता, तो २००० मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ३२८ पेशंटच्या ट्रायलने मोडला, किडनीला काही फायदा दिसला नाही. लघवी थोडी वाढते ती औषधाच्या परिणामाने, किडनी सुधारली म्हणून नाही. आज डोपामिनला जागा उरली ती एवढीच की हार्ट रेट मुळातच खूप कमी आहे आणि अरिदमियाचा धोका कमी आहे असा एखादा निवडक पेशंट. बाकी कपाटात असलं तरी हात लावू नका.

आता व्हॅसोप्रेसिन, आणि इथे मला जरा निवांत बोलायचंय कारण दुसरं औषध कधी लावायचं यावरच जास्त गोंधळ असतो. व्हॅसो वेगळ्या रिसेप्टरवर काम करतं, व्ही-१ वर, त्यामुळे अल्फा रिसेप्टर थकलेले असले किंवा ॲसिडोसिस असला तरी त्याचा असर होतो, आणि वर म्हटलं तसं शरीरातला साठा संपलेला असतो तो थोडाफार भरून निघतो. हार्ट रेट वाढवत नाही, उलट नॉरॲडचा डोस खाली आणायला मदत करतं. डोस ठरलेला, मिनिटाला ०.०३ युनिट, आणि तो नॉरॲडसारखा दर पाच मिनिटांनी वर-खाली करायचा नसतो, लावायचं आणि तिथेच ठेवायचं. असर उतरायलाही नॉरॲडपेक्षा जास्त वेळ लागतो.

२००८ च्या व्हॅस्ट ट्रायलमध्ये ७७८ पेशंट होते, २८ दिवसांचा मृत्युदर व्हॅसोमध्ये ३५.४ आणि नॉरॲडमध्ये ३९.३ टक्के, फरक पक्का नाही. पण ज्यांचा शॉक तितका गंभीर नव्हता त्या गटात २६.५ विरुद्ध ३५.७ असं दिसलं. हा सबग्रुप आहे, त्यावर उड्या मारू नयेत, तरी त्यातून एक विचार रुजला की व्हॅसो द्यायचं तर वेळेत द्या. २०१६ च्या व्हॅनिश ट्रायलमध्ये ४०९ पेशंट, तिथे सुरुवातीपासूनच व्हॅसो देऊन बघितलं, किडनी फेल्युअर न होता गेलेले दिवस हा मुख्य निकष होता आणि त्यात फरक पडला नाही, पण डायलिसिस लागलेले २५.४ विरुद्ध ३५.३ टक्के. म्हणून पहिलं औषध म्हणून नाही, पण दुसरं म्हणून माझ्या लेखी हेच. गाइडलाइन म्हणते नॉरॲड ०.२५ ते ०.५ च्या दरम्यान पोचलं की व्हॅसो जोडा. मी ०.२५ कडेच विचार सुरू करते, कारण नॉरॲड १ वर गेल्यावर, बोटं निळी पडल्यावर, शेवटचा उपाय म्हणून व्हॅसो लावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, आणि मग "व्हॅसोने काही होत नाही" असा शेरा मारला जातो. त्यात त्या औषधाचा दोष नाही.

दोष आहेत ते वेगळे. व्हॅसो हार्टचं पंपिंग वाढवत नाही, त्यामुळे हार्ट कमजोर असलेल्या पेशंटमध्ये वाहिन्या आवळून हार्टवरचा भार मात्र वाढतो आणि कार्डियाक आउटपुट पडू शकतो. बोटांचा आणि आतड्याचा रक्तपुरवठा कमी होण्याची भीती खरी आहे, विशेषतः डोस वाढवला तर, म्हणून ०.०३ च्या पुढे जाताना शंभरदा विचार करा. रोज चादर बाजूला करून पायाची बोटं बघा, पोट दाबून बघा, फीड पचतंय का बघा, सोडियमवर लक्ष ठेवा. टर्लिप्रेसिन याच कुळातलं, पण ते जास्त वेळ अंगात राहतं आणि बोटांच्या इस्केमियाचा (रक्तपुरवठा तुटण्याचा) त्रास त्यात जास्त दिसलाय, गाइडलाइनही त्याच्या विरोधात आहे, तेव्हा व्हॅसो मिळत असताना ते नको.

ॲड्रेनॅलिन हे बिचारं विनाकारण बदनाम आहे असं मला वाटतं. जगात जवळपास प्रत्येक हॉस्पिटलमध्ये मिळतं, हार्टला जोर देतं, वाहिन्याही आवळतं. २००७ च्या कॅट्स ट्रायलमध्ये ३३० सेप्टिक शॉकच्या पेशंटमध्ये एकटं ॲड्रेनॅलिन विरुद्ध नॉरॲड आणि गरजेप्रमाणे डोब्युटामिन अशी तुलना झाली आणि मृत्युदरात फरक नव्हता. मग ते पहिलं का नाही? कारण हार्ट रेट वाढतो, शुगर वाढते आणि लॅक्टेट वाढतं. हा लॅक्टेटचा भाग नीट समजून घ्या कारण तो रात्रीच्या ड्युटीला हमखास घोळ घालतो. ॲड्रेनॅलिन बीटा-२ रिसेप्टरमधून स्नायूंमध्ये ग्लुकोज जाळण्याचा वेग वाढवतं, त्यातून लॅक्टेट तयार होतं, ऑक्सिजन कमी पडलाय म्हणून नाही. आता पेशंट हळूहळू सुधारतोय, हात गरम झालेत, लघवी होतेय, आणि लॅक्टेट मात्र ३ वरून ५ झालं की घाबरून अजून फ्लुइड, अजून औषध असं चक्र सुरू होतं. २००८ च्या कॅट ट्रायलमध्ये नेमक्या याच कारणांनी, लॅक्टेट आणि टॅकीकार्डिया (वाढलेला हार्ट रेट), बऱ्याच पेशंटचं ॲड्रेनॅलिन डॉक्टरांनी मध्येच थांबवलं होतं. तेव्हा ॲड्रेनॅलिन चालू असेल तर लॅक्टेटला शॉकचा मापदंड म्हणून तितकं मानू नका. माझ्याकडे त्याची जागा तिसरी, म्हणजे नॉरॲड आणि व्हॅसो दोन्हीवर मीन प्रेशर मिळत नाहीये तेव्हा, किंवा त्याआधीच जर इकोत हार्ट ढेपाळलेलं दिसलं तर. लहान मुलांचं गणित वेगळं आहे, तिथे ॲड्रेनॅलिन किंवा नॉरॲड दोन्ही पहिलं म्हणून चालतात, आणि तिथेही डोपामिन मागे पडलंय.

डोब्युटामिन याच यादीत लोक धरतात पण ते बीपीचं औषध नाही, ते हार्टच्या पंपिंगचं औषध आहे आणि वाहिन्या थोड्या सैलच करतं. बीपी पडलंय म्हणून इको न करता डोब्युटा लावलं तर बीपी अजून पडू शकतं. इको करा, पंप खरंच कमजोर असेल आणि फ्लुइड आणि बीपी ठीक करूनही हातपाय गारच असतील तर नॉरॲडच्या जोडीला लावा. लेव्होसिमेंडानचा २०१६ च्या लिओपार्ड्स ट्रायलमध्ये ५१६ पेशंटवर फायदा दिसला नाही, ते सोडूनच द्या. फेनिलेफ्रिन शुद्ध अल्फा, भूल देताना बीपी पडलं तर छान, सेप्टिक शॉकमध्ये रोजच्या वापराला नाही.

अँजिओटेन्सिन-२ बद्दल उत्सुकता असते म्हणून लिहिते. २०१७ च्या ॲथॉस-३ ट्रायलमध्ये, जे पेशंट आधीच बऱ्यापैकी डोसवर होते त्यांच्यात तीन तासांनी बीपीचा रिस्पॉन्स ६९.९ टक्के आणि प्लासिबोमध्ये (तुलनेसाठीचं खोटं औषध) २३.४, आणि त्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आकडा वाढवतं यात शंका नाही. पण त्या ट्रायलमध्ये जास्त माणसं वाचली असं पक्कं सिद्ध झालेलं नाही आणि रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण जास्त होतं, म्हणून गुठळ्या न होण्याचं औषध बरोबर द्यायला सांगतात. मिथिलीन ब्लू नायट्रिक ऑक्साइडचा रस्ता अडवतं. मेक्सिकोतल्या २०२३ च्या ९१ पेशंटच्या ट्रायलमध्ये त्याने प्रेसर लवकर सुटले, आशादायक आहे पण संख्या लहान. लघवी हिरवी-निळी होते हे नातेवाईकांना आधी सांगा नाहीतर ते हादरतात, पल्स ऑक्सिमीटर काही वेळ खोटं कमी दाखवतं, आणि पेशंट डिप्रेशनच्या एसएसआरआय गोळ्या घेत असेल किंवा जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असेल तर देऊ नका.

हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आहे, प्रेसर नाही पण त्याला वगळून हा रिव्ह्यू अपुरा राहील. नॉरॲड ०.२५ किंवा जास्त, आणि निदान चार तास होऊन गेले की दिवसाला २०० मिग्रॅ चालू करायचं, साधारण ५० मिग्रॅ दर सहा तासांनी. २०१८ च्या ॲड्रेनल ट्रायलमध्ये मृत्युदर तोच राहिला पण शॉक लवकर सुटला. मधल्या त्या काळात एक-एक दिवस कमी होणं म्हणजे बोटांवरचा, आतड्यावरचा एक दिवसाचा भार कमी. शुगर वाढते, ती सांभाळा.

आता टार्गेट, कारण औषध कितीही चांगलं असलं तरी कुठे थांबायचं हे ठरलं नसेल तर तेच औषध नुकसान करतं. मीन प्रेशर ६५, बस. २०१४ च्या सेप्सिसपॅममध्ये ७७६ पेशंटमध्ये ६५-७० विरुद्ध ८०-८५ करून बघितलं, मृत्युदर सारखा, एट्रियल फिब्रिलेशन (हार्टची लय बिघडण्याचा एक प्रकार) मात्र २.८ वरून ६.७ टक्के. ज्यांना आधीपासून बीपीचा जुना त्रास होता त्यांच्यात जास्त टार्गेटने डायलिसिस कमी लागलं, ४२.२ ऐवजी ३१.७ टक्के, म्हणून अशा पेशंटमध्ये थोडा वेळ ७५-८० करून लघवीला काही फरक पडतोय का ते बघायला माझी हरकत नसते, नाही पडला तर परत खाली. आणि २०२० ची ६५ ट्रायल, ६५ च्या वरच्या वयाच्या पेशंटमध्ये ६०-६५ वर समाधान मानलं तर ९० दिवसांचा मृत्युदर ४१.० विरुद्ध ४३.८, फरक पक्का नाही पण कमी औषधाने नुकसान झालं नाही हे नक्की. मॉनिटरवर ८२ दिसतंय आणि नॉरॲड ०.३ वर तसंच चालू आहे, हे मला सगळ्यात जास्त खटकणारं दृश्य. "सिस्टर, बीपी छान आहे ना?" "हो डॉक्टर, छान आहे." छान नाहीये, पेशंटला नको असलेलं औषध आपण देतोय.

आकड्याबरोबर बोट बघा. पेशंटच्या तर्जनीच्या टोकावर काचेची स्लाइड दहा सेकंद दाबून सोडायची आणि रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का बघायचं, एवढं साधं. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉकमध्ये ४२४ पेशंटमध्ये लॅक्टेटच्या मागे जाण्याऐवजी यावर उपचार ठरवले तर मृत्युदर ३४.९ विरुद्ध ४३.४ टक्के आला, पक्कं म्हणायला काठावर हुकलं, पण याला पैसा लागत नाही, मशीन लागत नाही आणि तुम्ही पेशंटला हात लावता.

डोस चढतच चाललाय तर चौथं औषध शोधण्याआधी थांबून विचारा, का चढतोय. आर्टरी लाइनचा ट्रान्सड्यूसर (बीपी मोजणारा सेन्सर) हार्टच्या लेव्हलला आहे का, तो १० सेमी वर सरकला असेल तर बीपी साधारण ७.५ ने खोटं कमी दिसतं. हाय डोसवर मनगटातल्या आर्टरीचं बीपी मांडीतल्या आर्टरीपेक्षा कमी दिसू शकतं, तेही तपासा. मग कॅल्शियम, पीएच, कुठे रक्त जातंय का, छातीत हवा साठली का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोटात, छातीत, पायात अजून पू राहिलाय का. नॉरॲड १ च्या वर गेलेल्या पेशंटमध्ये उत्तर बहुतेक वेळा औषधाच्या कपाटात नसतं, सर्जनला रात्री दोन वाजता फोन करण्यात असतं.

उतरवताना घाई करू नका. बीपी टिकतंय, बोटं गरम आहेत, लघवी चालू आहे की नॉरॲड थोडं थोडं खाली आणायचं. आधी नॉरॲड बंद करायचं की व्हॅसो यावर एकमत नाही, काही जुन्या रेकॉर्डच्या अभ्यासांत व्हॅसो आधी काढलं तर बीपी परत पडायचं प्रमाण जास्त दिसलंय, म्हणून मी नॉरॲड अगदी कमी डोसवर आणते आणि मग व्हॅसो बंद करते, नॉरॲड शेवटी ठेवते कारण बीपी पडलंच तर ते वाढवून दोन मिनिटांत उत्तर मिळतं. पंप लवकर सुटावा म्हणून मिडोड्रिनच्या गोळ्या द्यायची फॅशन आली होती, २०२० च्या मिडास ट्रायलमध्ये १३२ पेशंटवर बघितलं तर पंप लवकर सुटला नाही आणि ब्रॅडिकार्डिया (हार्ट रेट फार कमी होणं) वाढला, तेव्हा त्या गोळीची घाई नको. नॉरॲड ०.०५ वर दोन दिवस अडकलंय, बाकी पेशंट छान आहे, असं झालं तर टार्गेट ६० करून बघा, झोपेची औषधं कमी करता येतील का बघा, पेशंट जागा झाला, बेडच्या कडेला बसला की तेवढं औषध बऱ्याचदा लागतच नाही.